व्हर्जिलची मॅगझीनं

९ नोव्हेंबर

मूर्ख! मूर्ख! तिसऱ्यांदा लिहीत नाही, शाई फुकट जाते.

नव्या शेरीफने, या रॉय ऑल्स्टनने, हाताखालच्या सगळ्या डेप्युटींच्या रायफलींना गोळ्या भरायची नवी मॅगझीनं घेतली आहेत. प्लास्टिकची. कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. एका चांगल्या मॅगझीनच्या पैशात तीन! जोसेट जेवायला आली, कोटाच्या खिशातून एक काढून बीन्सच्या भांड्याशेजारी ठेवलं. मी उचललं आणि त्याचे ओठ दाबून पाहिले. ज्या दोन कडा गोळ्यांना आत धरून ठेवतात, त्या. अंगठ्याने वाकल्या. माझ्या अंगठ्याने, ज्याला संधिवात आहे!

"मावशी, जेवताना तरी सोड."

"तू नोकरी सोड, मी हे सोडते."

हसली. आईसारखीच हसते. माझ्या बहिणीने, मरीने, जाताना पोरगी माझ्या ओटीत घातली, आणि पोरगी काय झाली, तर डेप्युटी. काउंटीच्या उत्तरेला ती एकटी. तिने हाक मारली तर दुसरी गाडी पोचायला तास लागतो, बर्फ असला तर कितीही. त्या तासात तिच्याजवळ काय असणार? हा खेळण्याचा डबा!

११ नोव्हेंबर

ऑफिसात जाऊन आले. तिथली शस्त्रखोली मी तीस वर्षं सांभाळली, आता दारावरचा पोरगेला शिपाई मला नाव विचारतो.

ऑल्स्टन खुर्चीत रेलून म्हणाला, "इरियार्टबाई, ऑगस्टमध्ये मी स्वतः चाचणी घेतली. एकसुद्धा गोळी अडली नाही."

ऑगस्टमध्ये! बाह्या दुमडायच्या, मॅगझीन भरायचं, लगेच झाडून मोकळं करायचं, मग बिअर. इकडच्या सगळ्या पुरुषांची हीच चाचणी. अरे, कामाचं मॅगझीन असं जगतं का? ते भरलेलं पडून राहतं, गाडीत, सगळा हिवाळा. आतली स्प्रिंग रात्रंदिवस गोळ्या वर रेटत असते, आणि तो भार ते दोन ओठ सोसतात. थंडीत प्लास्टिक कसं वागतं, ते बघायला पाहिजे.

मी म्हटलं, "बायको कशी आहे हे लग्नाच्या दिवशी ठरवता का हो तुम्ही?"

"माझी तिसरी आहे, बाई. मला विचारूच नका."

सगळं ऑफिस हसलं. मलाही हसू आलं, त्याचाच जास्त राग आला.

शेवटी म्हणाला, सिद्ध करा. केलंत तर सगळी परत पाठवतो. बरं!

१२ नोव्हेंबर

माल व्हर्जिल टेटमने पुरवलाय हे आज कळलं. आमच्या व्हर्जिलने! तशीच त्याच्या बंदुकांच्या दुकानात गेले.

"मॅडलिन! तू आलीस म्हणजे कोणीतरी मेलंय, नाहीतर मरणार."

"हा कचरा तू जोसेटच्या हातात दिलास? तुझ्या मांडीवर बसून जिने गोळ्या खाल्ल्या, लिंबाच्या?"

तो काउंटर पुसत राहिला. पुसण्यासारखं काही नव्हतं. मग म्हणाला, "शेरीफला स्वस्त हवं होतं. मी नाही दिलं तर चेयेन शहरातला कोणी देईल. आणि काउंटीची ही ऑर्डर आहे म्हणून दिवे लागलेत इथे. लॉरेटा गेल्यापासून हा पहिला महिना, की बँकवाल्याचा फोन मी उचलला."

त्याची बायको लॉरेटा बहिणीकडे नेब्रास्काला गेली ती गेलीच. मला वाईट वाटतं. पण त्याचा आणि प्लास्टिकचा संबंध काय?

चाचणीसाठी खोकंभर मॅगझीनं त्याने फुकट दिली. "फुटली तर सांग," म्हणाला.

१३ नोव्हेंबर

अर्धी त्याची, अर्धी माझी जुनी पोलादी. सगळी काठोकाठ भरून लाकडाच्या शेडमध्ये ठेवली. आता हात लावायचा नाही. हात न लावणं हीच चाचणी.

४ डिसेंबर

पारा शून्याच्या खूप खाली. शेडकडे बघतेसुद्धा नाही.

२५ डिसेंबर

जोसेटला आज ड्यूटी! कोकराचा रस्सा तीनदा गरम केला. उशिरा आली, बूट न काढता बसली. धरणाकडच्या एका ट्रेलरमध्ये दारुड्याने कुऱ्हाड घेऊन बायकोला कोंडलं होतं. अर्धा तास बोलून बोलून त्याला बाहेर काढलं म्हणे.

"रायफल?"

"गाडीतच होती. काढली असती तर चालवावी लागली असती, मावशी."

आमच्या शाळेतल्या सिस्टर इग्नेशिया असत्या तर पोरीचा मुका घेतला असता. मी तिला आणखी रस्सा वाढला.

काल चर्चमध्ये नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसाला व्हर्जिल मागच्या बाकावर होता. हा बॅप्टिस्ट, आम्हा कॅथलिकांच्या चर्चमध्ये! विचारलं तर म्हणे, "देवासाठी नाही आलो, हीटरसाठी आलोय." जेवायला ये म्हटलं. आला नाही.

१८ जानेवारी

झाली चाचणी.

ऑल्स्टनला बोलावलं, व्हर्जिललाही. नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारीने लबाडी केली. व्हर्जिलचं नाव मीच रायफल चालवायला घेतलं, या काउंटीत त्याच्यापेक्षा स्थिर हात नाही.

आधी माझी पोलादी. सगळी सुरळीत. मग त्याची. पहिलं मॅगझीन कमरेइतक्या उंचीवरून पडू दिलं, ओठाला चीर गेली, गोळ्या बर्फावर वाटाण्यासारख्या सांडल्या. दुसऱ्याचे ओठ फाकलेले. रायफलीला लावलं, गोळी नळीत घ्यायला खटका मागे ओढला, पहिलीच गोळी नाक वर करून तिरकी अडकली. रायफल ठार मुकी. पुढचं, तेच. त्याच्या पुढचं, तेच. एखादं चालायचंही, आणि ते जास्त वाईट, कारण माणूस त्याच्यावर भरवसा ठेवतो.

ऑल्स्टनची थट्टा कुठे गेली कोण जाणे. "माझी पोरं हे घेऊन फिरताहेत," एवढंच म्हणाला.

व्हर्जिल अडकलेली गोळी बोटाने काढायचा, पुन्हा दुसरं मॅगझीन लावायचा. मी पुरे म्हटलं तरी खोकं संपेपर्यंत थांबला नाही.

२४ जानेवारी

जिंकले! सगळा माल परत. डेप्युटींना पोलादी मॅगझीनं, जोसेटची मी स्वतः एकेक तपासून दिली. आज शांत झोप लागेल.

७ फेब्रुवारी

पोस्टात व्हर्जिल भेटला. कधी नव्हे तो गुळगुळीत दाढी केलेली. परत आलेला माल कंपनी घेत नाही, आणि या महिनाअखेरीआधीच बँक दुकानाला टाळं लावणार.

"मॅडलिन, तू खरं तेच केलंस," म्हणाला. "माझ्या हाताने माझ्याच डोळ्यांना दाखवलंस."

"मग आधीच चांगला माल विकायचा होतास!"

बोलले. खोटं काय बोलले? त्याने टोपी काढली, मान हलवली, माझ्यासाठी दार धरून उभा राहिला. असं दार धरलं की माणसाला भांडता येत नाही.

१९ फेब्रुवारी

जोसेट ठीक आहे. आधी हे लिहिते. तिला ओरखडाही नाही.

सकाळी बँकेचा माणूस टाळं लावायला गेला. सोबत पोलीस हवा म्हणून जोसेट. व्हर्जिल रायफल घेऊन पायरीवर आला. ती म्हणाली खाली ठेव. विनवलं म्हणे, किती वेळ. त्याने रायफल खांद्याला लावली, सरळ तिच्यावर.

व्हर्जिल गेला.

तिच्याजवळ चांगलं मॅगझीन नसतं तर? दिवसभर हेच म्हणतेय. दुसरं काही म्हणवत नाही.

२१ फेब्रुवारी

ऑल्स्टन येऊन गेला. टोपी हातात. "तुमच्या मॅगझीनने दगा दिला नाही, बाई. आभार मानायला आलो."

मग कॉफी न पिताच म्हणाला, व्हर्जिलच्या रायफलीला त्या परत आलेल्या मालातलं मॅगझीन होतं. पहिलीच गोळी तिरकी अडकलेली. एक गोळीसुद्धा सुटली नसती. "नशीब, त्यालाही कचराच सापडला."

मी विचारलं, दुकानात दुसरी नव्हती का?

"होती की. पोलादी. भरलेली. काउंटरवर ओळीने मांडून ठेवली होती."

जोसेट आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तिला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.