खुर्च्या कमी मांडायच्या

सर, आज तुमच्या नावाचं व्याख्यान झालं. तुम्ही गेल्यापासून दर वर्षी होतं आणि दर वर्षी मी तुम्हाला त्याचा वृत्तांत मनातल्या मनात सांगते. आज पहिल्यांदाच कागदावर सांगते आहे, कारण घरात ऐकायला कोणी नाही आणि मनातल्या मनात बोलायचाही आता कंटाळा येतो. हल्ली विद्यापीठाचे आगामी कार्यक्रम मोबाइलवर येतात. भूगोल विभागाच्या दारातला तो काळा फळा केव्हाच गेला, ज्यावर तुम्ही गुरुवारच्या व्याख्यानाचा विषय खडूनं लिहायचात आणि खाली 'सर्वांसाठी खुले' एवढं ठळक करायचात. या खेपेला तुमचं नाव योगशिबिर आणि कसल्याशा स्टार्टअप कार्यशाळेच्या मध्ये होतं. बोट जरा जोरात फिरलं असतं तर मला दिसलंही नसतं.

तुमच्या हाताखाली मी नुकती संशोधनाला लागले होते तेव्हाचा तो गुरुवार तुम्हाला आठवतो का? मांजरीहून ऊस संशोधनातले एक गृहस्थ येणार होते, विषय होता उसाचं पाणी. तुम्ही पहिल्यांदाच मला हॉल लावायला सांगितलंत आणि मी उत्साहाच्या भरात विभागातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या घडीच्या लोखंडी खुर्च्या ओळीनं मांडल्या. रांगा दोरी लावल्यासारख्या सरळ. त्या दिवशी रेडिओवर कसोटी सामन्याचं समालोचन चालू होतं हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. पाच माणसं आली. पाहुणे बोलत होते आणि त्यांची नजर पुनःपुन्हा मागच्या रांगांकडे जात होती. पाऊण तासाचं व्याख्यान त्यांनी वीस मिनिटांत आवरलं आणि चहाही न घेता बस गाठायला निघाले. तुम्ही त्यांना फाटकापर्यंत पोचवून परत आलात. मी खुर्च्या मिटत होते. तुम्ही म्हणालात, "अहो बाई, आपण त्यांना व्याख्यान द्यायला बोलावलं होतं. खुर्च्या मोजायला नव्हे."

तुम्ही सगळ्यांनाच अहो म्हणायचात, पहिल्या वर्षाच्या मुलांनासुद्धा, त्यामुळे तुमचं बोलणं जास्त लागायचं. मी आत जाऊन रडले. पुढच्या गुरुवारी तुम्ही मला तासभर आधी बोलावलंत आणि खुर्च्या कशा मांडायच्या ते शिकवलंत, तेही एखादं प्रमेय शिकवावं इतक्या गांभीर्यानं. येतील असं वाटतं त्याहून कमीच मांडायच्या. बाकीच्या दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवायच्या. कोणी दारात दिसलं की खुर्ची बाहेरच उघडायची, आत आणून खाडकन उघडायची नाही, आणि अलगद ठेवायची. "आलेल्या माणसाला वाटतं, आपल्यासाठी कोणी उठलं. बोलणाऱ्याला वाटतं, गर्दी झाली. दोघंही खूश आणि आपल्याला खर्च शून्य," असं म्हणून तुम्ही मिशीत हसलात आणि व्याख्यान संपेपर्यंत दाराशी उभे राहिलात, नेहमीसारखे. त्यानंतर किती पाहुणे तुमच्या त्या खोलीतून छाती फुगवून घरी गेले असतील! एकदा एका वयोवृद्ध पाहुण्यांनी जाताना पत्नीला सांगितलेलं मी ऐकलं, "अगं, खुर्च्या आणाव्या लागल्या त्यांना." दहा माणसं होती, सर. पण आणाव्या लागल्या होत्या हे खरंच होतं.

मला आपल्याच विभागात नोकरी लागली तेव्हा मी तुम्हाला पेढे दिले आणि तुम्ही मला रविवार पेठेतून आणलेली रबरी बुचांची पुडी दिलीत, खुर्च्यांच्या पायांना बसवायला. मला वाटलं होतं पेन द्याल, निदान एखादं पुस्तक. माझा चेहरा पडलेला पाहून म्हणालात, "पेन काय, कोणीही देईल." त्याच आठवड्यात मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण घेऊन तुमच्या घरी गेले होते. तुमच्या घरी मी तेवढी एकदाच आले. बाहेरच्या खोलीत टेबल, पुस्तकं आणि एकच वेताची खुर्ची. काकू जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तुम्ही मला तीत बसवलंत, "थांबा" म्हणून आत गेलात आणि दुसरी खुर्ची उचलून आणलीत. ती टेकवता टेकवता म्हणालात, "चला, गर्दी झाली." मी हसले. नेहमीचा तिरकस विनोद म्हणून हसले आणि लगेच प्रकरण पुढे केलं.

माझे यजमान जाऊन आता चार वर्षं होतील. जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. रोज त्यातल्या तीन रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून जेवायचं म्हणजे तो मांजरीचा पाहुणा व्हायचं. मी एकेक करून तिन्ही आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. मुलगी परदेशातून व्हिडिओवर बोलते. मध्यंतरी तिनं विचारलं, "आई, एकच चेअर का दिसतेय?" मी म्हटलं, "बाकीच्या आत आहेत, कोणी आलं की आणते." ती बरं म्हणाली. तिचंही खरं, तिकडे तेव्हा सकाळ असते आणि तिला ऑफिस असतं.

तर आजचं. मी निवृत्त झाले, विभागात आता नवा तरुण प्राध्यापक आहे, सज्जन आहे, कामसू आहे. परवा त्याचा फोन आला, "मॅडम, रजिस्ट्रेशन्स अगदीच कमी आहेत. एक्झाम्स आहेत ना, मुलं येणार नाहीत. ऑनलाइन करू या का? आणि नेक्स्ट इयर सगळी मेमोरियल लेक्चर्स एकाच दिवशी क्लब करू, म्हणजे ऑडियन्स तरी दिसेल." मी म्हटलं, आधी हे होऊ द्या. आणि फोन ठेवला. तुम्हाला प्रत्यक्ष ओळखणारी विभागातल्यांपैकी मी शेवटची. हे व्याख्यान क्लब झालं की तुम्ही यादीतली एक ओळ होणार, आणि मग वर्षातून एक दिवस कपाटातली चांगली साडी काढायचं कारणही माझ्याकडे उरणार नाही. दोन्हींतलं जास्त कशाचं वाईट वाटलं, ते तुम्ही विचारू नका.

मी आज दुपारीच गेले. आपली जुनी खोली आता प्रयोगशाळा आहे, व्याख्यानं नव्या सभागृहात होतात. लाल गाद्यांच्या खुर्च्या, रांगांमागून रांगा, सगळ्या जमिनीला बोल्टनं पक्क्या. एकही हलत नाही, सर. मी एक हलवून पाहिली आणि शिपाई माझ्याकडे पाहत राहिला. त्याला म्हटलं, मागचे दिवे तरी बंद कर. तो म्हणाला, "मॅडम, एकच बटण आहे. केले तर सगळेच बंद." आणि बोलायला येणार होती एक तरुण मुलगी, पहिल्यांदाच पाहुणी म्हणून बोलावलेली, शहराच्या हद्दीत आलेल्या गावांमधल्या विहिरींचं काय झालं यावर. तिला या लाल रांगांसमोर उभं करायचं माझ्या जिवावर आलं. मी सरळ कॅंटीनमध्ये गेले आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मागितल्या. कॅंटीनवाला म्हणाला, "किती?" मी म्हटलं, थोड्याच. जुन्या इमारतीच्या पोर्चमध्ये, चाफ्याकडे तोंड करून, सहा मांडल्या. चार खांबाआड ठेवल्या. तरुण प्राध्यापक धावत आला, "मॅडम, इथे? प्रोजेक्टर नाही, माइक नाही!" मी म्हटलं, "अहो, तोंड आहे ना तिला." तुमच्याच सुरात म्हटलं गेलं, माझी मलाच गंमत वाटली.

कुठल्याही व्याख्यानाला येणारे दोन निवृत्त गृहस्थ आले, पीएचडीच्या तीन मुली आल्या, प्राध्यापक स्वतः बसला. सहा भरल्या. ती बोलायला लागली आणि एक मुलगा ग्रंथालयाकडे जाता जाता थबकला. मी खांबामागून खुर्ची आणली, अलगद ठेवली. तिनं पाहिलं आणि तिचा आवाज जरा वर चढला. मग तिनं एका गावाचं नाव घेतलं, तर फाटकावरचा सुरक्षारक्षक पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. मी जवळ गेले तर हळूच म्हणाला, "आमचं गाव हाय ते, बाई. ड्युटी सुटलीय. ऐकू का वाईच?" त्यालाही आणली. तो आधी बसेचना, मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसला. मागोमाग आणखी दोघं थांबले, चारही आणाव्या लागल्या. मी खांबाला टेकून उभी होते आणि पाय दुखत होते. पण दारात उभं राहिलं की रस्त्याकडे नजर राहते, कोणीतरी यायचं आहे असं वाटत राहतं, आणि तेवढा वेळ एकटं वाटत नाही. इतकी वर्षं मी समजत होते, तुम्ही खुर्च्या आणायला दाराशी उभे राहता. तुम्ही एकदाही बसला नाहीत, आणि मी एकदाही तुमच्यापाशी येऊन उभी राहिले नाही.

नंतर ती मुलगी चहाचा कप हातात घेऊन कोणाशी तरी फोनवर बोलत होती. "मस्त झालं गं! एक्स्ट्रा चेअर्स आणाव्या लागल्या!" प्राध्यापकानं ते ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, नेक्स्ट इयरही पोर्चमध्येच घेऊ. वेगळंच." क्लबचं नाव त्यानं काढलं नाही. मग सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले. मी खुर्च्या एकात एक घालून कॅंटीनला परत केल्या आणि रिक्षानं घरी आले.

हे पत्र कुठे पाठवणार, तुमच्या त्या घराच्या जागी आता इमारत आहे. पण एक सांगायचं राहिलं. कुकर लावला आणि आतल्या खोलीतून एक खुर्ची टेबलापाशी आणली. विभागानं लोखंडी खुर्च्या भंगारात काढल्या तेव्हा तुमची बुचं मी काढून आणली होती. ती घरच्या खुर्च्यांना बसवली आहेत, त्यामुळे आवाज झाला नाही. मग तुमच्यासारखं "चला, गर्दी झाली" असं मोठ्यानं म्हणून पाहिलं. त्या दिवशी तुमच्या घरी मला हसू कसं आलं, सर, कोण जाणे. खुर्ची अजून तिथेच आहे. परत आत नेववत नाही.