लिलावात न पुकारलेला डबा

बेलापूर,
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

प्रिय यशयादादास,

एस्तेरचा सलाम. वहिनींना सलाम, लेकरांना आशीर्वाद. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. मरियमची नर्सिंगची परीक्षा तोंडावर आली आहे. शेळी व्याली, दोन्ही पिलं धडधाकट आहेत.

दोन गल्ल्यांवर राहून पत्र लिहिते आहे, कारण तू फोन उचलत नाहीस. मरियम हे तुझ्या हातात देईल. वहिनींच्या नको, तुझ्याच.

काल एड्स दिनाची फेरी माझ्या दारावरून गेली. पुढे तू, मुख्याध्यापक. पोरांच्या हातातल्या पाट्या तुझ्याच अक्षरातल्या होत्या, तुझा ‘भ’ मी कुठेही ओळखते. ‘भेदभाव टाळा, आधार द्या.’ मी ओट्यावर मेथी निवडत होते. पोरांनी हात हलवले आणि तू समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत निघून गेलास. ती मेथीची जुडी तुझ्या डोक्यात घालावी असं मला फार वाटलं.

दादा, बारा वर्षांपूर्वी हे गेले, माझी तपासणी झाली, तेव्हा कालव्याच्या कडेला बसून मी फक्त तुला सांगितलं होतं. बारा वर्षं तू ते पोटात ठेवलंस. मग या ऑक्टोबरात असं काय झालं? मला डेंग्यू झाला होता. डेंग्यू! निम्म्या गावाला झाला होता. पण तू घाबरलास, आणि चर्चमधल्या प्रार्थनेच्या पेटीत चिठ्ठी टाकलीस. पेटीतल्या चिठ्ठ्या उपासनेत मोठ्याने वाचणाराही तूच. ‘एचआयव्हीने अंथरुणाला खिळलेल्या आपल्या भगिनी एस्तेर यांना प्रभूने हात द्यावा.’ सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणाली. तुला वाटलं, प्रार्थनेत सांगितलं म्हणजे ते सांगणं नव्हे.

ज्याचा आजार, त्याच्या संमतीशिवाय तो सांगायचा नसतो, असा कायदा आहे. कायदा राहू दे. बहिणीला आधी विचारायला तुला काय झालं होतं?

तरी त्या वेळी मी गप्प बसले. प्रेमापोटी चुकलास, असं मरियमला समजावलं. पण परवाच्या हंगाम सणाला मात्र तू प्रेमापोटी काही केलं नाहीस.

दरवर्षी देवाला वाहिलेल्या जिनसांत माझ्या करंज्यांचा लिलाव तूच पुकारतोस. डबा डोक्यावर धरून ओरडतोस, “एस्तेरबाईच्या करंज्या! कोन घेतो?” आणि लोक चढाओढीने बोली लावतात. परवा तू डबा उचललास. शलोमीकाकू पहिल्या बाकावरून म्हणाली, “राहू द्या की मास्तर, पुढचं घ्या. लई ऊन झालं.” आणि तू डबा टेबलाखाली सरकवून शेजारचा भोपळा उचललास.

भोपळ्याला बोली लागली, दादा.

कोणी घेतला नसता, मान्य आहे. पण तू पुकारलासही नाहीस. तू स्वतः बोली लावली असतीस तर तुझं काय गेलं असतं? जेवणातून, कपातून, हात लावल्याने हा आजार होत नाही, हे तू पोरांना शिकवतोस. बारा वर्षं माझ्या हातचं खातोस. रोज रात्रीच्या जेवणानंतर एक गोळी घेते मी, एकही चुकवलेली नाही, आणि दरवर्षीच्या तपासणीत विषाणू सापडत नाही इतका कमी असतो. तुझी शुगर बघ एकदा, मग माझी काळजी कर.

मला या सगळ्यात आधार कोणी दिला, सांगते. पहिल्यांदा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला गेले, तेव्हा तोंडावर पदर घेऊन बसले होते. शेजारी देवळाली प्रवऱ्याची रतनबाई होती. म्हणाली, “पदर काढ गं. हितं समदे एकाच वाटंचे हायेत.” समुपदेशक पंकजाताईंनी अर्धा तास बसून सगळं समजावलं, मरियमची तपासणी करून घेतली. तिला काही नाही, हे कळलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही सात-आठ जणी रतनबाईच्या पडवीत जमतो. कुणाची पेन्शन अडली, कुणाला सासरच्यांनी घराबाहेर काढलं, कुणाला गोळीने मळमळतं, सगळं तिथे बोलतो. चहा कुणी कुठल्याही कपातून पितं.

आपल्या मंडळीतलंही एक माणूस गेल्या महिन्यात तपासणीला गेलं होतं. नाव सांगणार नाही, सांगायचं नसतं. त्याने गोळ्या सुरू करायच्या होत्या. परवाचा लिलाव बघून ते घरी गेलं आणि आता दवाखान्यात जायला तयार नाही. मला म्हणालं, “आत्या, तुमच्या डब्याचं असं झालं, तर माझं काय व्हईल?” मी काय सांगायचं त्याला? गोळ्यांवाचून ते मरेल, दादा. माझा राग या गोष्टीचा आहे. डब्याचं दुःख मी गिळलं असतं.

आणि आता जे लिहायचं टाळत इथवर आले, ते लिहिते.

टेबलाखाली डबा सरकवताना तुझा जो चेहरा झाला होता, तो मला ओळखीचा आहे. तो माझाच आहे. आपला नोहा आजारी होता तेव्हाचा. गावाला आपण कावीळ सांगितली. त्याचं ताट मी वेगळं केलं, उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. शेवटच्या नाताळला त्याने करंजी मागितली. मी वरून टाकली त्याच्या ओंजळीत. हाताला हात लागू नये म्हणून. वरून ओतलेलं पाणी पिऊन पिऊन विटले म्हणून आपले पणजोबा ख्रिस्ती झाले, आणि त्यांच्या पणतीने सख्ख्या भावाला करंजी वरून टाकली. तू दारात उभा होतास. नोहा हसला फक्त, म्हणाला, “लई गोड झालीय गं.”

बावीस वर्षं झाली. आपण दोघांनीही त्याचं नाव काढलेलं नाही.

सोबत एका चिठ्ठीची नक्कल जोडली आहे. येत्या रविवारी मूळ चिठ्ठी पेटीत असेल, आणि वाचणारा तू आहेस. तीत लिहिलंय की आपला भाऊ नोहा काविळीने नाही, एड्सने गेला, त्याचं ताट त्याच्या बहिणीने वेगळं ठेवलं, तिला क्षमा असावी. लिहिलंय की त्या बहिणीला एचआयव्ही आहे, ती गोळ्या घेते आणि ठणठणीत आहे. गोळ्या कुठे मिळतात, पंकजाताई कोणत्या वारी बसतात, रतनबाईचा फोन नंबर काय, तेही लिहिलंय. रतनबाईला विचारून लिहिलंय. नंबर सावकाश वाच, दोनदा. ते माणूस शेवटच्या बाकावर बसतं.

तो डबा अजून चर्चच्या टेबलाखाली असेल. रविवारी तो उघडायचा आणि पहिली करंजी तू खायचीस, सगळ्यांसमोर, माझ्या हातून. नरम पडल्या असतील. तरी खायच्या.

वाचलं नाहीस, तर मी उठून वाचेन. माझा आवाज तुझ्याइतका मोठा नाही, पण पुरेल.

जिने नोहाला करंजी वरून टाकली, ती तुझी बहीण,
एस्तेर