फक्त नाचण्यासाठी

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार
बर्लिनहून पार्सल आलं. आमच्या मुलाची, प्रणयची रेकॉर्ड. टेक्नो आणि अ‍ॅसिड हाऊस, म्हणजे मशीनवरचं नाचाचं संगीत, चार ट्रॅक. जानेवारीत तो गेला, रेकॉर्ड आता छापून आली. कव्हरवर इंग्रजीत लिहिलंय, फक्त नाचण्यासाठी. म्हणजे वर्षश्राद्धाच्या आत कोणीतरी यावर नाचलं पाहिजे. आमच्या किहीम गावात एवढं जमवणं अवघड नाही. बायकोने, नूतनने, पार्सलकडे पाहिलं नाही. भात टाकायला गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार
त्याच्या खोलीत, त्याच्याच प्लेअरवर ऐकली. ढब ढब आणि वर एक चिकट, वळवळणारा आवाज. लहानपणी मामाच्या मिठागरात चिखलातून पाय उपसताना यायचा तसा. आवडली. दीड मिनिट ऐकली.
प्रणयच्या संगीताला माझा कायम पाठिंबा होता. सूचना असत, त्या फक्त आवाजाबद्दल.
दुपारभर त्या खोलीच्या भिंतीतून ठोके येत होते. शेजारचा पंप.

१७ नोव्हेंबर
शेजारचे बाबाजी म्हणाले, त्यांचा पंप महिन्यापूर्वीच जळलाय. मग फ्रिज असणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार
फ्रिज बंद करून पाहिला. दूध नासलं. ठोके चालूच.
चांगली बातमी. मंगळवारी बाबाजींच्या मुलीची, अमिषाची हळद. आमच्या आगरी हळदीत नाचल्याशिवाय कोणी घरी जात नाही. डीजे केतन, बारा स्पीकर. आमच्या घरात वर्ष व्हायचंय, त्यामुळे आम्हाला मांडवात पाय ठेवता येत नाही. बाबाजी कुंपणापलीकडून बोलले. "भाऊ, येव नका असं मी बोलत न्हाय. पण बायका बोलतील."
मी म्हटलं, मला कुठे यायचंय. एक गाणं लावा, बस. कोणाचं ते त्यांनी विचारलं नाही. मान डोलावली.

२१ नोव्हेंबर
केतनकडे रेकॉर्ड लावायचं मशीन नाही. व्हॉट्सअ‍ॅप करा म्हणाला. प्लेअरसमोर मोबाइल ठेवून पहिला ट्रॅक उतरवला, लगेच पाठवला. पुन्हा ऐकून तपासायची गरज वाटली नाही. अशा कामात माझा हात बसलाय.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
शर्टाला इस्त्री केली. कुंपणापर्यंतच जायचंय, तरी.

२६ नोव्हेंबर, बुधवार
काल साडेसातला प्रणयचा ट्रॅक लागला. जमीन हादरली. नाचणारे थांबले. साऊंड चेकिंग चाललंय असं समजून करवल्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या. बाबाजींची आई ठमाबाई मात्र पदर खोचून उभी राहिली. तिला ठोका असला की पुरतो. दोन पावलं टाकली, हात वर केले. मी कुंपण धरून पाहत होतो. एक माणूस पुरे होतं.
आणि बारा स्पीकरमधून आवाज आला, "प्रणय, आवाज कमी कर."
केतनने घाबरून आवाज कमी केला. ठमाबाईने हात खाली घेतले, पदर सोडला, बसली. बाबाजींनी एकदा कुंपणाकडे पाहिलं. मग त्यांचं नेहमीचं गाणं लागलं आणि सगळे उठले.
मोबाइलचा दोष. नूतनला तसंच सांगितलं. ती धुणं वाळत घालत होती.
"तुमचाच आवाज तो. शुक्रवारी तुम्ही त्याच्या खोलीत ओरडलात. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. नेहमीसारखं."
मला असं काही आठवत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
दुसऱ्यांवर अवलंबून राहण्यात अर्थ नाही. मीच नाचायचं ठरवलं. दुपारी खोलीची कडी आतून लावली, रेकॉर्ड लावली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खिडकीची काच वाजायला लागली. ट्रॅक संपेपर्यंत, सहा मिनिटं दहा सेकंद, मधोमध उभा होतो.
कोणी कमी कर म्हणालं नाही.