पहिला खांदा

पोलादपूर, ता. १२ फेब्रुवारी १९६६

तीर्थस्वरूप कुशादादांस महिपतीचा दंडवत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आपली माणसे उभी आहेत, एवढेच लिहितो.

भात पोचट निघाले हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता सरकारचा परदेशी गहू आला. महाडहून पोती माझ्याच लॉरीने आणली. बाया त्याची नाचणीसारखी भाकरी थापतात, ती तव्यावरच मोडते. साळूकाकी म्हणते, "ह्या गव्हाला आपली बोली कळत नाय रे!"

गहू फुकट नाही. ओढ्यावर बंधारा घालायचा, राबेल त्याला गहू. मामलेदारांना पोती वाटायची घाई, ओव्हरसियरला माणसे हवीत, ग्रामसेवक म्हणतो आधी भांडण मिटवा. तिघे तीन दिवशी येऊन तीन गोष्टी सांगायचे. शेवटी तिघांना एकदमच माझ्या लॉरीतून आणून हॉटेलात एका बाकावर बसवले, चहा पाजला आणि लॉरीची किल्ली खिशात टाकली. ठरल्याशिवाय जातात कुठे?

ठरले ते असे : आपली वरची वाडी आणि खालची वाडी, दोघींनी मिळून बांधायचा. नाहीतर पोती दुसऱ्या गावाला.

सात वर्षे ह्या वाड्या एकमेकींच्या मयताला जात नाहीत. का, ते तुम्हाला मी लिहायला नको.

खालच्या वाडीचा कोंडाजी आला. बसलासुद्धा नाही. "महिपती, गहू तुजा तुला. शिमग्याला पालखीचा पयला खांदा आमचा, तर उद्या फावडा उचलतो."

ओव्हरसियर मला विचारतो, "हा खांदा कुठल्या खात्याकडे येतो हो?"

सगळे हसले. मीही हसलो. कोंडाजी नाही. त्याचा सदरा अंगावर लोंबत होता. दादा, सात वर्षांपूर्वी तुम्ही त्याला पालखीखालून ढकललात तेव्हा तो एकट्या तुमच्याने हलेना, मी हात लावला होता. आता फुंकरीने पडेल.

मान आजोबांपासून आपल्या घरचा, थोरल्याचा. म्हणजे तुमचा. मला तो देण्याचा हक्क नव्हता. तुम्हाला पत्राने विचारायचे तर आठवडा गेला असता आणि तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून विचारले नाही. देवळात नारळावर हात ठेवून देऊन टाकला.

बंधारा कमरेएवढा आला आहे. दोन्ही वाड्यांच्या बाया एका ओळीत दगड पुढे देतात, तोंडातून शब्द नाही. काल मात्र साळूकाकीने खालच्या वाडीतल्या एकीला हळूच विचारले, "पीठ कसं मळतेस गो?" माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत.

शिमग्याला काढलेली रजा मोडू नका. कोंडाजीच्या मागचा दुसरा खांदा तुमच्यासाठी ठेवला आहे. तुम्ही आला नाहीत तर तिथे मी उभा राहणार नाही, दुसऱ्यालाही राहू देणार नाही. पालखी एका बाजूला कलेल आणि गाव बघेल.

फार दमलो, दादा.

तुमच्या खांद्याचा चोर,
धाकटा महिपती