करडीच्या दाराविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, अविवाहित, हा कागद कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. सांगायला घरात कोणी नाही. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते दोन खोल्यांचे घर व बँकेतील शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीस मिळावी. आमचे नऊ वर्षे बोलणे नाही. तरीही मिळावी.

२. पुस्तकांची तीन कपाटे युनियनच्या वाचनालयास. समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा पुसू नयेत. त्या लेखकांशी मी मनापासून भांडले आहे.

३. गेटसभांचा भोंगा सध्याच्या सेक्रेटरीस. त्याला मुद्दे आहेत, आवाज नाही.

४. मांजर करडी, वय आठ. हिला मी कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नाही. मोकळे मांजर पाखरे मारते आणि गाडीखाली मरते, हे मी जिन्यात भेटेल त्याला ऐकवले. दोन्ही खरे आहे. तिसरे कारण ऐकवले नाही. ती गेली तर माझे बोलणे ऐकणारे घरात कोणी उरत नाही.

हिच्याआधी बोका होता. तोही कोंडलेलाच. बहीण राहायला आली तेव्हा म्हणाली, "ताई, जन्मभर कुलपांविरुद्ध बोललीस आणि याला मात्र जन्मठेप? जाऊ दे की जरा उन्हात."

मी तिला तासभर शब्दांनी झोडपले. दुसऱ्या दिवशी बोका ट्रकखाली सापडला.

"दार तू उघडलंस," मी नातेवाइकांसमोर म्हणाले.

"मी नाही गं, ताई. आंघोळीला गेले होते मी."

ती संध्याकाळच्या बसने गेली.

दार मी उघडले होते. तिचे म्हणणे मला पटले होते. सभेत कधी न हरलेली मी, धाकटीपुढे हरले हे सांगण्यापेक्षा तिला खोटे पाडणे मला सोपे गेले. हे नातेवाइकांना वाचून दाखवावे.

५. करडी बहिणीस द्यावी. येथे "दार बंद ठेवावे" अशी अट होती. ती मी खोडून बाजूला सही केली आहे. दाराचे तिने ठरवावे.

६. या कागदाची एक प्रत आजच तिला टपालाने पाठवत आहे. करडीला न्यायला ती माझ्या मरणाआधी आली तरी माझी हरकत नाही.

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर २. कोपऱ्यावरचे औषध दुकानदार
दोघांनी माझ्यादेखत व एकमेकांदेखत सह्या केल्या.
ठिकाण: राहते घर
तारीख: १४ जुलै २०२२