डावा कौल

त्सुकुबा (जपान), ३ ऑक्टोबर २०२४

ती. सिंधूताईस,
गुणवंतचा सा. न. वि. वि.

म्हणजे तुझं म्हणणं असं, की डॉक्टर चुकीचा आणि फुलाची कळी बरोबर! गुरवानं देवाच्या अंगावर कळ्या लावल्या, डावीकडची आधी पडली, म्हणजे देव नाही म्हणाला, आणि बाबांनी बायपासला नकार दिला. फोनवर माझं तोंड सुटतं आणि तू फोन ठेवतेस, म्हणून लिहितोय. आता ठेवून दाखव.

माझा नाही विश्वास. तसं लिहूनही दिलंय. आमच्या हॉटेलात पुण्याच्या नुपूरताई जेवायला येतात. माणसं विचार कशी करतात, देव का मानत नाहीत, याचा त्या इथल्या विद्यापीठात अभ्यास करतात. त्यांनी माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. आधी कोडं : घड्याळात तीनचे ठोके पडायला दोन सेकंद लागतात, तर सहाचे पडायला किती? मी पटकन चार लिहिलं. पाच लागतात म्हणे, ठोक्यांच्या मधल्या जागा मोजायच्या. पुढे विचारलं होतं, देव आहे का? 'नाही' लिहिलं. त्या हसल्या. म्हणाल्या, थांबून विचार करणारा देव सोडतो असं पुस्तकं सांगतात, तू तर न थांबताच सोडलास. मग विचारलं, शेवटचं कुणाला दिवा लावताना कधी पाहिलंस? आठवेना गं. खोलीत मी एकटा. देव कधी गेला ते कळलंच नाही.

भांडी घासायला येणारे सत्तरीचे मोरी-सान देव मानत नाही म्हणतात, पण रोज देवळापाशी सायकल थांबवून इथल्या रीतीनं देवापुढे टाळ्या वाजवतात, नशिबाची चिठ्ठी काढतात. वाईट निघाली की तिथल्याच दोरीला बांधतात आणि कामावर येतात. वाईट घरी न्यायचं नाही, एवढंच. बाबांना म्हणावं, तुमचा डावा कौलही देवळात सोडून या.

तुझा, गुणवंत

कुडाळ, २१ ऑक्टोबर २०२४

चि. गुणवंतास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनसारखं पत्र ठेवता येत नाही, दोनदा वाचलं. आठवी नापास माणूस विद्यापीठाला उत्तरं देतो, हे शेजारच्या मंजुषाकाकूंनाही ऐकवलं. पण नास्तिकमहाराज, जपानला जायचं ठरलं तेव्हा कौल लावा म्हणून गुरवाच्या मागे कोण लागलं होतं? उजवा पडला तेव्हाच पाय उचललास.

खरं सांगू, चुकलो आपण दोघंही. बाबांनी ऑपरेशन करू का, असं विचारलंच नव्हतं. काल गुरव बोलून गेले. बाबांनी विचारलं होतं, ऑपरेशनच्या आधी माझा गुणवंत भेटेल का? डावा पडला. मग बाबा म्हणाले, ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही तर पोरगा येऊन कुणाला भेटणार? आणि तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली त्यांना.

तुला जाऊन चार वर्षं झाली रे. डॉक्टर म्हणतात, नोव्हेंबर उलटू देऊ नका. पैसे नकोत, योजनेत बसतंय. येतोस का, एवढंच लिही.

तुझी, ताई

त्सुकुबा, ६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

ताई वाचून दाखवेल. मालकाला तीनदा विचारलं. नवीन वर्षाला हॉटेल बंद असतं, सुट्टी तेव्हाच. ऑपरेशनच्या आधी मी येत नाही, बाबा. तुमच्या देवाचं बरोबर निघालं. फार राग आला त्याचा. जो नाही त्याचा एवढा राग कसा येतो, हे नुपूरताईंना विचारायला हवं.

काल मोरी-सानांबरोबर मीही थांबलो. टाळ्या वाजवल्या, तुमच्या नावानं चिठ्ठी काढली. मला जपानी वाचता येत नाही, त्यांनी वाचली. आजार, प्रवास, घर, एकेकाची एकेक ओळ असते. ज्याची वाट बघतो त्या माणसाचीही असते. तिथं होतं : उशिरा, पण येईल.

विश्वास नाहीच माझा. तरी ती दोरीला बांधवली नाही. सोबत पाठवतोय, उशाशी ठेवा आणि टेबलावर चढा. डोळे उघडाल तेव्हा मी नसेन. एकोणतीस डिसेंबरला असेन. मधले दिवस तेवढे मोजा.

लोभ आहेच, तो तोवर पुरवून ठेवावा.

आपला, गुणवंत

ता. क. ताई, आकडा मोठ्यानं वाच, म्हणजे बाबांना खरं वाटेल. दरमहा चाळीस हजार येतात. या वेळी विमानाचं तिकीट काढून उरले तेवढेच पाठवतोय : अकरा हजार चारशे रुपये.