ऑपरेशनच्या दाराशी फरशी तकतकीत आहे

सापगाव, ता. शहापूर
मार्गशीर्ष, २००४

चि. बारकू यास धाकलू भावोजीचे आशीर्वाद. मुरबाडला सगळे बरे असतील, सोनूबाईच्या गुडघ्याची सूज उतरली असेल, असं धरून चालतो. तुझी बहीण सकु बरी आहे. टाके निघाले, काल मऊ भात खाल्ला आणि माझ्यावर ओरडली, म्हणजे चांगलीच बरी आहे. बरा नाही तो मी, कारण माझा भर दवाखान्यात अपमान झालेला आहे. (तू भाताच्या झोडणीचं निमित्त सांगून मुंबईला आला नाहीस, तो राग वेगळा. कोंबडी कापताना ओटीवरून पळणारा माणूस तू, मला ठाऊक आहे.)

पोटाच्या कॅन्सरची मोठी सर्जन म्हणून तुझ्या भाच्याने, संदेशने जिचं नाव काढलं, ती डॉक्टर अक्षदा निघाली आपल्याच वाशिंदची, आणि वयाने संदेशपेक्षा थोडीशी मोठी. मी सकुला आणि गावाला 'पोटात खडा आहे' असं सांगून ठेवलेलं. बाईमाणसाला असला रोग कुणी तोंडावर सांगतं का? म्हणून मी मॅडमला डोळ्यांनी खुणा केल्या, टेबलाखालून संदेशचा पाय दाबला (तो मॅडमचा निघाला). तर तिने मला खुर्चीवरून उठवलं, तिथे सकुला बसवलं आणि सगळं तिलाच सांगितलं. मी म्हटलं, "अवो मॅडम, मला सांगा ना, घरधनी मी हाय." तर म्हणते, "काका, पोट कोनाचं हाय?" एवढी शिकलेली बाई आपल्याच बोलीत बोलली, त्यामुळे समजलं नाही असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

पुढचं ऐक. ऑपरेशन संपलं की आतून काढलेला भाग नातेवाइकांना दाखवतात, अशी तिथली रीत. दार उघडून "सकुबाईचं कोण?" अशी हाक आली. संदेश औषधं आणायला गेलेला. मी टोपी नीट करून इस्त्रीच्या शर्टात पुढे झालो. मॅडमने ट्रेवरचं फडकं उचललं आणि बाजारात वांगी दाखवावी तसं बोटाने दाखवायला लागली, हे जठर, ही गाठ, गाठीभोवतीचं हे सगळं काढलं. मी दोनदा मान हलवली. त्यानंतर मला दिसला तो वरचा पंखा.

बारकू, मी चक्कर येऊन पडलो नाही. तिथली फरशी तकतकीत आहे, पाय सरकला. पण ऐकतंय कोण? सापगावची माणसं टेम्पो करून सकुला बघायला आली, त्यांना कपाळाला पट्टी लावलेला मीच आधी भेटलो, आणि तिच्यासाठी आणलेली शहाळी ती माझ्या उशाशी ठेवून गेली. सकुला हे कळलं तेव्हा ती टाके दाबून हसली. आणि त्या मॅडमने, मी आडवा सापडलोच आहे म्हणून, न विचारता माझं पोट दाबलं! भूक लागते का, वजन उतरलंय का, शी काळी होते का, हे सगळं नर्सा आणि वॉर्डबॉय यांच्यासमोर विचारलं. अशा डॉक्टरचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

तुझा,
धाकलू भावोजी

ता. क. येताना थोडं म्हशीचं तूप आण. सकुला चालतं, मॅडमला विचारलंय.

ता. क. दुसरा : विचारलं म्हणजे मला जावंच लागलं होतं. नळी घालून माझं पोट बघितलं. येत्या सोमवारी मॅडम मलाही ऑपरेशनला घेणार आहे. सकुला मी खडा म्हणून सांगितलंय. तिने माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. तिला अजून उभं राहवत नाही, आणि पोराने बापाचं पोट ट्रेत बघू नये. मला फार भीती वाटते रे. तू ये. दार उघडून "धाकलूचं कोण?" म्हटलं की पुढे हो. पडलास तरी चालेल, फरशी तकतकीत आहे असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंच आहे.